अफियाच्या न्हाणाची यादी

अबेना, आधी भांडण मिटवू, रडायचं नंतर बघू. तुला जाऊन सात आठवडे झाले आणि या सात आठवड्यांत लोकांनी मला तुझ्याबद्दल फार गोड गोड सांगितलं. तू किती शांत होतीस, किती सोशिक होतीस. नक्की कोणाबद्दल बोलताहेत तेच मला कळेना. माझ्याशी तू सात वर्षं भांडलीस. इथे आखातात आपल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बिल्डिंगखालच्या बाकावर, शाळेच्या बसच्या दारात, माझ्या ओट्याशी कांदा चिरताना, आणि एकदा तर तळमजल्यावरच्या जुलेखाभाभींकडे इफ्तारला, तोंडात खजूर असताना. सोशिक म्हणे.

हे मी मराठीत लिहितेय, तुला न कळणाऱ्या भाषेत. चालेल. तुझ्या ट्वी भाषेतल्या शिव्या मी सात वर्षं न कळता ऐकल्यात. माझं नाव रोहिणी, पण मी बुधवारी जन्मले हे तू फोनवर शोधून काढलंस आणि तुमच्या घानामध्ये बुधवारच्या मुलीला म्हणतात तसं मला अकुआ करून टाकलंस. तू मंगळवारची म्हणून अबेना, तुझी लेक शुक्रवारची म्हणून अफिया. तेव्हा मला हसू आलं होतं. आता मला अकुआ म्हणणारं कोणी राहिलं नाही, आणि ते मला रोज संध्याकाळी जाणवतं.

आपली सुरुवात कशी झाली ते एकदा नीट सांगायला हवं, कारण त्यातला एक भाग मी तुझ्यापासून लपवला. तू शाळेच्या बसवर अटेंडंट होतीस आणि मी त्याच शाळेत आठवी-नववीला जीवशास्त्र शिकवत होते, अजूनही शिकवते. माझी मुक्ता तेव्हा अकरा वर्षांची. एका दुपारी घरी जाताना तिला बसमध्येच पहिली पाळी आली. मी शाळेत मीटिंगला अडकले होते. तू तिला सर्वांत मागच्या सीटवर नेलंस, पोरांना दटावून पुढे बसवलंस, तुझ्या पिशवीतलं कापड तिच्या कमरेला गुंडाळलंस आणि घर येईपर्यंत तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉइलमध्ये गुंडाळलेलं सोललेलं उकडलेलं अंडं तिच्या हातावर ठेवलंस आणि म्हणालीस, दात न लावता अख्खं गिळ. आता मुक्ता पडली माझी मुलगी. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा हे मी तिच्या डोक्यात बसवलेलं. तिने ते अंडं बसमध्ये बसून नीट चावून चावून खाल्लं. तू कपाळाला हात लावून "खलास" म्हणालीस, असं तिने मला घरी इंग्रजीत हसत हसत सांगितलं.

मी हसले नाही. मी ट्रान्सपोर्ट ऑफिसला तक्रार लिहिली. अटेंडंट मुलांना बाहेरचं खायला घालते, त्यांच्या डोक्यात अंधश्रद्धा भरते, वगैरे. हो अबेना, ती तक्रार मी केली होती. त्या वर्षी तू बसमधल्या चार-पाच मुलींना अंडी दिली होतीस, आणि तुला मिळालेल्या वॉर्निंग लेटरमध्ये फक्त "एका पालकाने" एवढंच होतं. ते लेटर घेऊन तू आलीस कोणाकडे, तर माझ्याकडे. आपण एकाच बिल्डिंगमध्ये राहतो हेही मला तेव्हाच कळलं. वॉचमनने तुला सांगितलं होतं की दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरचं इंग्लिश चांगलं आहे. मी तुला आत बसवलं, चहा दिला, आणि माझ्याच तक्रारीला तुझ्या नावाने दीड पान उत्तर लिहून दिलं. ते इतकं चांगलं झालं की तुझी नोकरी टिकली. तू मला घानाचं चॉकलेट आणून दिलंस आणि मी ते खाल्लंसुद्धा.

उत्तर लिहीत असताना तू मला एकच प्रश्न विचारलास, बसच्या पेशावरी ड्रायव्हरकडून शिकलेल्या तुझ्या हिंदीत. "मॅडम, तुम बेटी को क्या दिया?"

मी काय दिलं होतं? काळ्या पिशवीत घातलेलं पॅडचं पाकीट, पोट दुखलं तर एक गोळी, आणि युनिफॉर्मला डाग पडू देऊ नकोस अशी ताकीद. पंधरा वर्षं मी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढत होते, चाळीस मिनिटांत तो धडा संपवत होते, आणि स्वतःच्या मुलीला मी एवढंच दिलं. पत्र पूर्ण करायचंय म्हणून खाली मान घातली.

मग आपल्या वादांना तोंड फुटलं. तुझी हकिगत तू मला हप्त्याहप्त्याने सांगितलीस. कुमासीजवळचं तुझं गाव, तू चौदा वर्षांची. तुझ्या आईने कुदळीच्या पात्यावर दगड आपटत गल्लीभर जाहीर केलं की माझी मुलगी मोठी झाली. म्हाताऱ्या बाईने तुला तीनदा स्टुलावर टेकवलं आणि तिसऱ्यांदा बसवलं. अंघोळ, पांढरं कापड, बायकांची गाणी, पामतेलात कुस्करलेला याम, जो आमच्या कोनफळाचा थोरला भाऊ, आणि मग ते अंडं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मला लाज वाटत नव्हती, असं तू म्हणालीस. मी ताबडतोब म्हटलं की गाव माल बघत होतं. पुढे काय झालं ते सांग. तू खालच्या आवाजात सांगितलंस. पुढे वर्षाच्या आत कापडाचा एक व्यापारी आला, तुझी शाळा सुटली, आणि त्या लग्नातून बाहेर पडायला तुला सहा वर्षं लागली. अफियाचा बाप क्वाबेना नंतरचा. मी म्हटलं, झालं तर, आता यावर काय बोलणार. तू बोललीसच. "स्टूल का गलती नहीं, अकुआ. देखने वाले का गलती."

मीही तुला आमच्याकडचं सांगितलं. गुहागरकडच्या माझ्या आत्याला बाराव्या वर्षी न्हाण आलं तेव्हा केळीचे खुंट लावून मखर केलं होतं. हिरवी साडी, ओटी, बायकांची गाणी, पेढे. आणि सोळाव्या दिवशी तिची सासरी पाठवणी. माझ्या आईला त्या सगळ्याचा इतका तिटकारा की तिने आमच्या घरातलं मखर कायमचं बंद केलं. बाजूला बसणं तेवढं ठेवलं. त्यामुळे माझ्या वाट्याला आली मागची पडवी, वेगळं ताट, एक सतरंजी, आणि चार दिवस कोणाला शिवू नकोस हे एक वाक्य. तू ते ऐकून घेतलंस, आणि खरंच न समजून विचारलंस, "तुम लोग गाना फेंक दिया, बाहर बैठना रख लिया?"

मी चहा टाकायला उठले. तुला वाटलं असेल की चिडले. चिडले होतेच, पण तुझ्यावर नव्हते.

गेल्या हिवाळ्यात अफियाला बारावं लागलं आणि तू जाहीर केलंस की तिचं सगळं इथेच करायचं, आणि त्यात माझा हात हवा. मी नाही म्हटलं. तू माझ्या टेबलावरची एक जुनी उत्तरपत्रिका उलटी केलीस, मधोमध रेघ मारलीस आणि म्हणालीस की एका बाजूला ठेवायचं ते लिही, दुसऱ्या बाजूला टाकायचं ते. केस भादरणं टाकलं. परक्यांपुढे उघडे खांदे टाकले. मुलगी "अस्पर्श" आहे का ही चौकशी टाकली, ती तर तू माझ्याआधी खोडलीस, कागद फाटेपर्यंत. स्टूल, अंघोळ, पांढरं कापड, गाणी, याम आणि कमरेचे मणी ठेवले. मी दोन गोष्टी वाढवल्या. त्याच दिवशी तिला शरीराचं सगळं नीट समजावून सांगायचं, तिचे प्रश्न संपेपर्यंत. आणि पुढे काय शिकायचंय ते तिने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. तू हसलीस, पण लिहिलंस.

अंड्यावर आपण अडलो. अंड्याशिवाय काही केल्यासारखंच होत नाही, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं, अख्खं अंडं घशात अडकून पोर गुदमरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा अर्थ. दात लावला तर पुढे होणारी स्वतःची मुलं खाल्ली, असं तुम्ही मानता. बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडात तिची न झालेली मुलं कशाला कोंबायची? तिला मुलं हवीत की नकोत हे तिला कोणी विचारलंय का? तू म्हणालीस की तुला मुलांचं काही आठवतच नाही, अंडं तोंडात असताना पाठीवर आईचा हात होता तेवढाच आठवतो. मी म्हटलं मग हात ठेव, अंडं काढ. तू म्हणालीस, अंडं नसेल तर हात कशाला ठेवायचा. तासभर हेच. शेवटी अंड्यापुढे दोन प्रश्नचिन्हं पडली, एक तुझं, एक माझं.

आणखी एक जागा कोरी राहिली. घास भरवायचा कोणी. मोठी बाई हवी, जिची सगळी मुलं जिवंत आहेत अशी. तू माझ्याकडे बघत होतीस हे मला कळत होतं. मी तुला सांगितलं की मुक्ताचे बाबा गेल्यापासून आमच्याकडे मला कोणी ओटी भरायला बोलावत नाही, सख्ख्या भाचीच्या डोहाळजेवणातही मी वाढायला होते. तू विचारलंस, "मुक्ता जिंदा है?" मी म्हटलं जिवंत आहे, पुण्याला हॉस्टेलवर मॅगी खातेय. "तो?" असं म्हणून तू कागद घडी करून पर्समध्ये टाकलास आणि मेट्रो गाठायला निघून गेलीस.

पुढचं मी थोडक्यात आटोपते, कारण ते तुझ्यापेक्षा मलाच जड जाईल. मे महिन्यातली सकाळ, शेवटचं मूल बसमधून उतरलं, तू मागच्या सीटवर बसलीस आणि उठली नाहीस. क्वाबेना आणि अफिया तुला गावी घेऊन गेले. परत आले तेव्हा क्वाबेनाच्या तोंडी तुझ्या आईचा निरोप होता. वर्षभर काही शुभ करायचं नाही, आणि वर्षानंतर मुलीला आमच्याकडे पाठवा, आम्ही आमच्या पद्धतीने सगळं करू. सगळं म्हणजे आपण खोडलेलंही सगळं, आणि त्यामागून कोण दारात उभं राहणार हेही मला माहीत होतं. क्वाबेना मान हलवत होता. गोदामातून बारा तासांची शिफ्ट करून आलेला माणूस, त्याच्यात भांडायचं बळच नव्हतं. माझ्यात होतं, पण मी कोण?

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, अफिया नेहमीसारखी शाळेतून माझ्याकडे आली. बाप येईपर्यंत ती माझ्याकडेच असते. बराच वेळ बाथरूममधून बाहेर येईना. मग दारामागून आवाज आला, "आँटी, इट्स हिअर." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आय वॉन्ट मम."

अबेना, माझा हात कुठे गेला माहितीये? काळ्या पिशव्यांच्या खणाकडे. आपोआप. मी पिशवी काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कोंबली. पॅड हातात उघडं घेऊन गेले. मग बाथरूमच्या दाराबाहेर फरशीवर बसून राहिले. ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली आणि आम्ही दोघी तुझ्यासाठी पोटभर रडलो. तुझं गुणगुणणं मला येत नाही. मी तिला सांगितलं की माझी मुक्ता तुझ्या आईमुळे त्या दिवशी घाबरली नव्हती, आणि त्याचे आभार मी तुझ्या आईला कधी मानले नाहीत. तक्रारीचंही सांगितलं. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "दॅट वॉज यू?" मग हसायला लागली. तुला सांगायला हवं होतं हे मला तेव्हा फार लागलं.

संध्याकाळी क्वाबेना आला, मी सांगितलं. तो म्हणाला, वर्ष आहे, सिस्टर. मी म्हटलं, तिचं शरीर वर्षभर थांबलं का? जरा मोठ्यानेच म्हटलं. तो अफियाला घेऊन निघून गेला. मी रात्रभर स्वतःला दूषणं दिली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाण्याआधी तो पुन्हा दारात उभा. हातात आपली उत्तरपत्रिका. तुझ्या बायबलमध्ये सापडली म्हणे. घास भरवायचा कोणी, त्या कोऱ्या जागेवर तू लिहून ठेवलं होतंस, अकुआ. पुढे ना प्रश्नचिन्ह, ना काही. कधी लिहिलंस, मला कळवलंही नाहीस. क्वाबेना म्हणाला की तुमचं अक्षर मला लागत नाही सिस्टर, पण तिचं लागतं. सासूबाईंना मी सांगतो, तुम्ही शनिवार धरा.

मी शनिवार धरला. मग मला कोणी अडवलं असतं तरी मी थांबले नसते.

जाहीर करणं हे आईचं काम. मी अफियाला विचारलं. ती म्हणाली, "नॉट द होल बिल्डिंग, आँटी. अँड नो व्हॉट्सॲप." तिने चार दारं सांगितली, कोणाला सांगायचं ते तिने ठरवलं. पहिलं दार जुलेखाभाभींचं. आमच्या रत्नागिरीची बाई, आठ वर्षांची ओळख, आणि तरी बेल दाबण्याआधी मी वाक्य दोनदा मनात म्हणून घेतलं. पाळीबद्दल मी आयुष्यात कधी कोणाच्या दारात उभं राहून मोठ्याने बोलले नव्हते. केमिस्टकडेही मी पॅड बोटाने दाखवते. दार उघडलं आणि मी म्हटलं, "भाभी, आमची अफिया शहाणी झाली. शनिवारी सकाळी या." भाभींनी विचारलं नाही की कोणाची अफिया, आई नसताना हे कसलं. त्यांनी एवढंच विचारलं की गोड काय आणू. उरलेली तीन दारं मी जिन्याने धावत केली.

तुझ्या चर्चच्या सिस्टर ग्रेस तेवढ्या अडून बसल्या. जुन्या देवांचे प्रकार चर्चला चालत नाहीत, आलेच तर प्रार्थनागीतं म्हणेन. मी म्हटलं या आणि म्हणा. आल्या. दोन प्रार्थनागीतं झाली, आणि तिसऱ्याला त्याच डोळे मिटून तुमचं गावाकडचं गाणं म्हणायला लागल्या, मांडीवर ठेका धरून. कोणी त्यांना टोकलं नाही.

स्टूल आपल्याकडे कुठलं? माझा गणपतीचा चौरंग काढला. तीनदा टेकवलं, तिसऱ्यांदा बसवलं. पांढरं कापड, कमरेला तू आणून ठेवलेले निळे मणी. याम मी कुस्करला, पामतेल जरा जास्त झालं. मुक्ता पुण्याहून फोनवर होती आणि मध्ये मध्ये नाक ओढत होती. बाकीच्यांना बाहेर बसवून मी अफियाला सगळं समजावलं, आकृतीशिवाय, तिच्याच शरीरावर बोट ठेवून. तिने तीन प्रश्न विचारले. ते तिचे आहेत, इथे लिहीत नाही. मग सगळ्यांसमोर विचारलं, पुढे काय शिकणार. म्हणाली, "आय डोन्ट नो यट. इज दॅट ओके?" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या की ओके. पहिला घास मी भरवला. माझा हात स्थिर होता, हे मुद्दाम सांगते.

राहिलं अंडं. मी ते उकडून, सोलून बशीत ठेवलं होतं, कारण तू नसताना परस्पर वाद जिंकणं मला बरं वाटेना. मी अफियाला दोन्ही बाजू सांगितल्या. तुझी बाजू मी माझ्याइतक्याच जोरात मांडली, विचार ग्रेसला. गिळण्याचा अर्थ काय, चावण्याचा काय, मला तो का पटत नाही, आणि तुझ्या आठवणीत अंडं नाही, पाठीवरचा हात आहे, हेही. मग मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अंडं उचललं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. पांढरं कापड डोक्यावरून ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझा तळवा तिच्या पाठीवर होता, गुदमरली तर थाप मारायच्या तयारीत. तिचा श्वास हाताला जाणवत होता, ठीक चालला होता. मग तिने कापड खाली केलं आणि तोंड पुसलं. सिस्टर ग्रेसनी विचारलं, भाभींनी विचारलं, फोनमधून मुक्तानेही विचारलं. ती म्हणाली, "दॅट्स माय बिझनेस." आणि याम मागितला.

संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. क्वाबेनाने स्पीकरवर टाकला. वर्षाचं सुतक मोडलं म्हणून ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एकच विचारलं, अंडं गिळलं का? क्वाबेनाने माझ्याकडे बघितलं. मी अफियाकडे बघितलं. तिने मान हलवून नाही म्हटलं, म्हणजे सांगायचं नाही. मी क्वाबेनाला म्हटलं, सांगा, ते तिचं तिला माहीत.

तूही हेच विचारणार, मला माहितीये. तिने गिळलं की चावलं, अबेना, मला माहीत नाही. आणि मी तिला कधीही विचारणार नाही.